खंदकातलं दुसरं लेकरू

मातीच्या उभ्या काठातून मडक्याचा गोल खांदा बाहेर आला आणि ज्योत्स्नाबाईंनी खुरपी खाली ठेवली. त्या मडक्याच्या तोंडाला तोंड लावून दुसरं मडकं होतं. वर उभ्या असलेल्या अमितला, आपल्या मदतनिसाला, त्यांनी नुसता हात केला. तो समजला आणि कॅमेरा आणायला तंबूकडे पळाला.

पिंपळगावच्या पलीकडे, कादवा नदीच्या काठी हे पांढरीचं, जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड होतं. तीन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्यांनी वस्तीभोवती खंदक खणला होता. पुढे तो थराथरांनी बुजत गेला. गाळ, राख, पुन्हा गाळ. ते लोक मेलेलं मूल दोन मडक्यांत घालून, मडक्यांची तोंडं जुळवून घरातल्या जमिनीत पुरत. म्हणजे ते घर सोडून जात नाही, असा त्यांचा समज असावा. पण गेल्या वर्षी, सत्त्याण्णव साली, असं एक मूल खंदकात सापडलं. खंदकातही मुलं पुरत असत, असं ज्योत्स्नाबाई तेव्हापासून सांगत होत्या. "एका मडक्यावर इमले बांधू नका, बाई," पुण्याचे वरिष्ठ हसून म्हणाले होते. यंदा दुसरं सापडलं नाही तर काम कायमचं बंद होणार होतं. हंगाम संपत आला तसं बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आणि आता दुसरं सापडलं होतं. त्यांना रडूच आलं. मजूर बायका टोपल्या टाकून काठावर जमल्या. एकटी भागीबाई तेवढी पुढे आली नाही. सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला येणारी ही बाई गेल्या हंगामात पोटुशी होती. ते पहिलं मडकं तिनेच ओंजळीत धरून वर दिलं होतं. यंदा ती रिकाम्या कडेने आली तेव्हा बाईंनी सहज विचारलं होतं, "बाळ कुठंय गं?" "हाय की इथंच," ती म्हणाली होती. बाईंना वाटलं, असेल पालावर आजीपाशी.

मडक्याखालची माती बाई कुंचल्याने झाडू लागल्या. कुंचला कशावरून तरी सुळकन सरकला. खाली निळं प्लास्टिक होतं.

खोदकाम संपलं की तळावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि मग माती लोटायची, ही त्यांच्या कामाची पद्धत. पुढे कोणी खणलं तर इथवर खणून झालंय हे कळावं, म्हणून. हा कागद गेल्या वर्षी त्यांनी स्वतः अंथरला होता. पावसात काठ ढासळला, जुन्या चराची कड दिसेनाशी झाली आणि कोऱ्या मातीत खणतोय असं समजून त्या आपणच लोटलेली माती उकरत बसल्या होत्या. कागदाच्या वर जे काही होतं ते सगळं गेल्या वर्षीनंतरचं. मडकीसुद्धा.

"कोणी केली ही चेष्टा?" त्यांचा आवाज चढला. अमित कॅमेरा घेऊन आला होता, तो तसाच थबकला.

भागीबाई खंदकात उतरली. मडक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"चेष्टा नाय, बाई. माजी पोर हाय ती. छाटणीच्या टायमाला तापानं गेली. तुमीच सांगितलं व्हतं, असं ठिवलं का लेकरू सोडून जात नाय."

अमितने हळूच विचारलं, "मॅडम, फोटो?"

"नको."

बाई खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माती मडक्यांकडे ओढू लागल्या. आपलं इतक्या वर्षांचं काम या मातीखाली चाललंय, हे त्यांना कळत होतं. त्याचं वाईट वाटत होतं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटत होती. भागीबाईही शेजारी बसून माती लोटू लागली.

"पण इथंच का गं?" बाईंनी विचारलं. "एवढं टेकाड पडलंय."

भागीबाईने माती हलकेच थापटली.

"ही जागा लेकराचीच व्हती ना, बाई. तुमी तेला पुण्याला नेलं. मंग रिकामीच पडली व्हती."