तोंड न उघडता

"तोंड उघडू नकोस, काही हरकत नाही," साहेब म्हणाला. "फोन उघडला की झालं. नुसती इकडे बघ."

थोरलीनं डोळे घट्ट मिटून घेतले. गेटवर जमा केलेला तिचाच फोन साहेबानं तिच्या नाकासमोर धरला होता. चेहरा दिसला की उघडणारा. मोठ्या हौसेनं घेतला होता मेला! त्यात तक्रारीच्या अर्जाचा फोटो होता. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतला कॅमेरा काढा, असा अर्ज, आणि खाली शिवणखात्यातल्या सतरा जणींच्या सह्या. नावं कळली की सतराही जणी उद्यापासून घरी.

"हे कायद्यात बसतं का?" तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"कामाला लागताना सही केलीस. तेव्हा वाचायचं होतंस."

मग साहेब एकदम मऊ झाला. पंखा वाढवू का? पाणी देऊ का? या माणसानं पाच वर्षांत कुणाला पाणी विचारलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दार वाजलं. चपला आल्या, डावी जरा घासत. डोळे न उघडताही थोरलीनं ओळखलं, धाकटी! तिच्या जिवात जीव आला. आपलं माणूस आलं.

"बरं झालं, निरोप मिळताच आलात," साहेब म्हणाला. "बहिणीला बरं नाही तुमच्या. डोळेच उघडत नाहीत."

"अगं बाई! काय झालं गं?"

धाकटी सात मिनिटांनीच धाकटी. आईसुद्धा हाक मारताना चुकायची. मागे धाकटी डबा द्यायला आली, तर गेटवरच्या कॅमेऱ्यानं थोरलीची हजेरी लावून टाकली होती. सगळा कारखाना हसला होता.

साहेबही हसला होता.

"घरी न्या त्यांना," साहेब म्हणत होता. "हा त्यांचा फोन. त्यांचाच आहे ना, बघून घ्या."

"बघू नकोस!" थोरली ओरडली.

खट्. एवढासाच आवाज झाला.

"अय्या," धाकटी कौतुकानं म्हणाली, "मला ओळखलं की यानं!"