चढावरची चाचणी

हॉटेलची खोली सकाळी दहाला सोडून झाली होती आणि विमान संध्याकाळी साडेसातला होतं. भाड्याची गाडी चार वाजता विमानतळावर परत करायची. मधले सहा तास कसे घालवायचे, हा प्रश्न बायकोला पडला होता. नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. जे सांगायचं म्हणून तो या प्रवासाला निघाला, ते नऊ दिवसांत त्याच्या तोंडून फुटलं नव्हतं.

तो वाहन परवाना कार्यालयातला निवृत्त परीक्षक. चौतीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून त्यांना पास-नापास करत आला. ऑफिसात त्याला ‘खडूस’ म्हणायचे, आणि ते कानावर आलं की त्याला मनातून गुदगुल्या व्हायच्या. बावीस वर्षांपूर्वी बायको चाचणीला आली. नात्यातल्या माणसाची चाचणी दुसऱ्याने घ्यायची, असा नियम. याने सगळ्यांदेखत तिचा फॉर्म स्वतःकडे ओढला. बायको असली तरी मी सोडत नाही, हे दिसू दे सगळ्यांना, म्हणाला. आणि खरंच सोडलं नाही. चढावर थांबवलेली गाडी पुन्हा काढताना हातभर मागे घसरली, असा शेरा मारून तिला नापास केलं.

गाडी तसूभरही घसरली नव्हती. एवढंच सांगायचं होतं.

तिला तेव्हा घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करायची नोकरी मिळत होती. लायसन्सची अट होती, त्यामुळे नोकरी हातची गेली. तुझ्या पायाला अंदाजच नाही, असं तो घरी दोन-चारदा म्हणाला आणि पुढे ती घरातली कायमची थट्टा झाली. मुलीच्या लग्नात व्याह्यांनासुद्धा ऐकवून झाली. सगळ्यांत जास्त वेळा ती थट्टा ऐकवायची बायको स्वतःच. पुन्हा चाचणीला मात्र ती कधी गेली नाही.

सकाळी त्याने गाडी आत बसूनच धुवून घ्यायच्या यंत्रात घातली. परत करायची गाडी कशाला धुवायची, असं तिने विचारलं. काही जनाची लाज असावी, म्हणाला. साबणाने काचा झाकल्या गेल्या, बाहेर ब्रश घरघरायला लागले, आत दोघंच. सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. त्याने तिला काच नीट वर आहे ना, एवढं विचारलं.

मग पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं संग्रहालय झालं. ती एकेक पाटी वाचत सावकाश चालली आणि हा मागून घसा खाकरत राहिला. मग तिने मुलीसाठी दोन टॉवेल घेतले. बाकावर बसून पाव-चीज खाताना त्याने विचारलं, गुडघे दुखतात का.

“नऊ दिवस होतेच की मला गुडघे,” ती म्हणाली. “आज तुमचं चाललंय काय?”

काही नाही, म्हणाला आणि नकाशाची घडी घातली. खरं तर ती घडी घालणं तिचं काम होतं. सगळ्या प्रवासात नकाशा तिच्याच मांडीवर. वळण यायच्या आधी ती बरोबर सांगायची, एकदाही चुकली नाही. चुका काढण्यावर ज्याने आयुष्य काढलं, त्याला नऊ दिवसांत काढायला एक चूक सापडली नाही. त्याचाही त्याला त्रासच झाला.

साडेतीन वाजता ते विमानतळावर पोचले. गाडी परत करायची जागा चौथ्या मजल्यावर होती. वर जायच्या चढावर गाड्यांची रांग अडकली. त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि रांग हलेना. आता मात्र घालवायला वेळच उरला नव्हता.

“त्या दिवशी गाडी मागे गेली नव्हती,” तो समोर बघत म्हणाला. “तू व्यवस्थित काढली होतीस. शेरा मी खोटा मारला.”

तिने का, असं विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ऑफिसात नाव व्हायला हवं होतं. आणि दुसरं, सांगायला जड असलेलं कारण असं की, ती एकटी गाडी घेऊन परक्यांच्या घरी दिवसभर फिरणार, हे त्याला सहन होत नव्हतं. सांगताना त्याची छाती हलकी होत गेली. ती चिडेल, रडेल, याची त्याने तयारी ठेवली होती. गावी परतल्यावर तिचं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालायचं, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. नोकरी गेली त्याबद्दल मला माफ कर, असं तो दोनदा म्हणाला.

नोकरीचं मी केव्हाच विसरले, ती म्हणाली. रांग सुटली, मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. याचा हात हँडब्रेकवर तसाच राहिला.

“माझ्या बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होतात,” ती म्हणाली. “गाडी दारात होती. किल्ली घेऊन मी आत बसलेसुद्धा. मग म्हटलं, आपल्या पायाला अंदाज नाही, वाटेत कुणाला तरी मारू. उतरले आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसले. पाऊण तास. बाबा दारातच गेले.”

त्याला ते सगळं माहीत होतं. तेराव्याला तोच तिची समजूत घालत होता, की तू तरी काय करणार होतीस.

“इतकी वर्षं मनाला सांगत आले, मला येत नव्हतं,” ती म्हणाली. “आज तेवढंही काढून घेतलंत.”