आधी आणि नंतर

लाखनीतल्या आपल्या पार्लरचं इन्स्टाग्राम सांभाळायला डिंपलनं नागपूरची एक मुलगी लावली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, 'आधी' म्हणून एक चेहरा पाठवा. जितका रापलेला, तितका बरा." असा फोटो कोणतं गिऱ्हाईक देणार? डिंपलनं मग धानाच्या रोवणीतून परतणाऱ्या आपल्या नणंदेचा, रुपाचा फोटो तिला न विचारताच पाठवून दिला. नागपूरवालीनं त्याच्या शेजारी 'नंतर' म्हणून कुठल्याशा गोऱ्यापान पोरीचा फोटो जोडला, आणि आठवड्याभरात पार्लरमध्ये बसायला जागा उरली नाही.

शुक्रवारी रुपा आसगावहून बस धरून आली. हातात मोबाइल, त्यावर तोच फोटो. डिंपलच्या तोंडचं पाणी पळालं. चार बायांसमोर ती कशीबशी पुटपुटली, "रुपा, माहं चुकलं."

"चुकलं कायले म्हणते, वैनी?" रुपा खुर्चीत बसली, खुर्चीवरचा टॉवेल तिनं आपल्याच हातानं गळ्याभोवती गुंडाळला आणि मोबाइल डिंपलपुढे धरला. "आधीवाली तं मीच आहो. रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राहिले. तोवर हे नंतरवालं करून दे."