झुमा नस्करचा आलेख

सहा किलो शंभर. श्यामलाने काटा शून्यावर आणला आणि झुमाला पुन्हा तोलले. आकडा तोच राहिला.

“मागच्या महिन्यात सहा चारशे. त्याआधी सहा शंभर. त्याच्याही आधी पुन्हा सहा चारशे,” ती म्हणाली. “पूर्णिमा, पाकिटातलं पीठ जातं कुणाच्या पोटात?”

“हिच्याच, दीदी.” पूर्णिमा नस्करने चौदा महिन्यांच्या लेकीला पदराआड घेतले. “तीन चमचे, दिवसातून चार वेळा. पाणी उकळून.”

धडा तिला तोंडपाठ होता. पोषणवर्गातल्या चाळीस बायकांत तिच्याइतकी नेमकी उत्तरे कोणी देत नसे. भोपळा कशासाठी, लहान मासे काट्यांसकट का वाटायचे, डाळीत तेल केव्हा घालायचे, सारे तिला ठाऊक होते. श्यामलाला खटकत होते ते नेमके हेच. अज्ञानावर वर्ग हा उपाय होता. जिला सगळे कळते तिच्या मुलीच्या दंडावर कुपोषणाची मोजपट्टी लाल का दाखवते, याचे उत्तर वर्गात नव्हते.

कोलकात्याबाहेर, डायमंड हार्बर रस्त्यापासून बरेच आत, कालव्याकाठच्या शाळेच्या ओसरीवर श्यामलाची संस्था महिन्यातून एकदा मुलांची वजने घेई. नियम न्यू टाउनच्या कार्यालयात ठरलेले होते: एका घराला एक कार्ड, एका कार्डावर महिन्याला आठ पाकिटे. घरोघरी जाऊन पाहण्याची तरतूद नव्हती, आणि पूर्णिमाचे घर तर कालव्यापलीकडे होते.

“दीदी,” पूर्णिमाने हळूच विचारले, “दुसरं कार्ड मिळतं का?”

“कुणासाठी, सासूबाईंसाठी?” श्यामला म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या. “हे पीठ नाही, औषध आहे. आणखी कुणाच्या तोंडात एक चमचा जरी गेला, तरी कार्ड रद्द. पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं पाहिजे.”

पूर्णिमाने मान डोलावली आणि पाकिटे उचलली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बेहालातल्या घरी चहा पिता पिता विनायकने बायकोच्या खांद्यावरून आलेख पाहिला. बँकेतल्या बदलीने ही दोघे तीन वर्षांपूर्वी कोलकात्यात आली होती.

“पोरीच्या आधी आलेखालाच दात आले की गं!”

“हसू नकोस. काटा मी दोनदा तपासला. त्यात दोष नाही.”

“मग?”

“मग आई खोटं बोलते. काटा खोटं बोलत नाही.”

“न्हाणीघरातल्या आपल्या काट्याबद्दल तुझं मत वेगळं असतं.”

श्यामला हसली नाही. आलेखाखाली तिने लिहिले: ‘आहार घरातील इतरांत वाटला जात असल्याचा संशय. मातेला ताकीद दिली.’

ताकीद लागू पडली. पुढच्या महिन्यात झुमा सहा किलो सहाशे भरली, त्यानंतर सात, त्यानंतर सात पाचशे. रेषा एकदाही खाली वळली नाही. दंडावरची पट्टी लालवरून पिवळ्यावर सरकली. अशी स्वच्छ रेषा श्यामलाने त्या ओसरीवर प्रथमच पाहिली होती, आणि स्वच्छ रेषेचे कारण नोंदवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

बायका पांगल्यावर तिने पूर्णिमाला थांबवून घेतले.

“रागावत नाही, खरं सांग. मला अहवालात लिहायचंय, म्हणजे इतर गावांना उपयोग होईल. काय बदललंस तू?”

“काही नाही, दीदी. तेच तीन चमचे, चार वेळा.”

“असं कसं? आधी का वाढत नव्हती मग?”

पूर्णिमा झुमाच्या झबल्याची नाडी बांधत राहिली.

“रुमा गेल्यापासून पीठ हिला एकटीला पुरतं.”

“रुमा कोण?”

“हिची जुळी. एका महिन्याला हिला आणायचे, एका महिन्याला तिला.” तिने मुलीला कडेवर घेतले. “कार्ड एकच होतं ना, दीदी.”