मागे पडणारे

आमच्या ट्रेकिंग क्लबचा एक नियम आहे. जो मागे पडेल, त्याच्यासोबत कोणीतरी एकाने चालायचंच. पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले काका दर रविवारी मागे पडायचे आणि सोबतीला बहुतेक मीच असायचे. "जन्मभर पत्रं वाटली, आता गुडघे बोलायला लागलेत," म्हणायचे. गुडघ्यांचं माहीत नाही, पण काका माथ्यापर्यंत बोलायचे.

गेल्या रविवारी ते काठी गाडीतच विसरले. ती द्यायला मी त्यांच्या इमारतीत शिरले, तर काका दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते. वर कुलूप उघडल्याचा आवाज आला, दार लागलं आणि मग काहीच ऐकू आलं नाही. मी हाक मारली नाही. घरी आले, माझं कुलूप उघडलं आणि नेहमीसारखा आधी टीव्ही लावला, घरात कोणीतरी बोलावं म्हणून.

आज काकांना काठी परत दिली, आणि चढ लागताच मीच गुडघा धरून खाली बसले.



काका बाकीच्यांना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, हिच्यासोबत मी आहे."