दिवेलागणीचा नियम

सकाळपासून जागेश्वरचा पाय घरात ठरत नव्हता. नंदनवन वस्तीतून ऑटो निघाला तेव्हा मांडीवर संत्रा बर्फीचा डबा, शेजारी लेक प्रणाली, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू.

"आज होतेच तुझं काम! माह्या मनानं घेतलं हाये."

"बाबा, आधी डबा नीट धरा," प्रणाली हसली.

निघताना बायको कुसुमावती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली होती, "सांभाळून ने वं." जागेश्वरला गंमतच वाटली. नेणारा तो, आणि ही पोरीलाच बजावत होती. आईचा जीव, दुसरं काय!

गोष्ट अशी होती, की हिवाळ्यापासून प्रणाली संध्याकाळ झाली की दारांना धडकायला लागली. एकदा तर भरलेली घागर कलंडली. ती एकटीच धरमपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आली आणि घरी येऊन तिनं सगळं समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, घराण्यातून येणारा. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेकडेचं, शेवटी सगळंच. नव्या औषधाची चाचणी सुरू होती आणि तिच्यात एकच जागा उरली होती. पण आजार थोडा असला तरी जागा नाही, फार पुढे गेला असला तरी नाही. मधलाच पाहिजे. तो किती आहे ते आज मोजणार होते.

'घराण्यातून' हा शब्द जागेश्वरच्या जिव्हारी लागला होता. त्यांचं घर विणकराचं. आजोबांपासून नियम होता: दिवेलागण झाली की माग बंद, आणि घरातल्या पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही. आजोबांनी पाळला, वडिलांनी पाळला. माग मोडून जागेश्वर सीताबर्डीच्या कापडदुकानात लागला, तरी उजेड असेतो तो घरी हजर. पुतणीच्या लग्नात मात्र त्यानं नियम मोडला, आणि मांडवामागच्या नालीत पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरीचं हे सुरू झालं. नियम आपण मोडला, भोगलं लेकरानं. हे त्यानं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर अरुंधतींनी एक खोली दाखवली. जमिनीवर बाण, वाटेत फोमचे ठोकळे. बाणांवरून चालायचं, आणि दर फेरीला उजेड कमी होत जायचा.

प्रणाली आत गेली. पडदा पडला. जागेश्वर बाहेर बाकड्यावर, अगदी टोकाला.

धप्!

शाब्बास, म्हणजे आजार आहे! पुन्हा धप्. आणखी एक. आता त्याला घाम फुटला. बस वं माय, बस, फार धडकू नको, जागा जाइन! मॅचच्या शेवटच्या ओव्हरला माणूस बसतो तसा तो बसला होता. धपकन एक आवाज आला की आनंद, दुसरा आला की धडकी. प्रणाली बाहेर आली तेव्हा तिच्यापेक्षा त्यालाच जास्त धाप लागली होती.

"आता तुम्ही या," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताच्या नात्यातल्यांचंही मोजतो आम्ही."

"मी? मले काय धाड भरली जी?"

स्वतःसाठी त्यानं दवाखान्याची पायरी जन्मात चढली नव्हती. नालीत पडून पाय सुजला, तेव्हाही हळदीवर भागवलं होतं.

"जा ना बाबा. माझ्यासाठी."

पोरीसाठी म्हटल्यावर विषयच संपला. पहिली फेरी त्यानं रुबाबात केली. दुसरीला जरा अडखळला. तिसरीला ओरडला, "ओ मॅडम, लाइट गेली!"

"हळूहळू चाला, काका. घाई नाही."

"आता अंधारात कोणाले दिसते?" तो हसत हसत ठोकळ्यांना धडकत राहिला. एका पायातली चप्पल कुठं निसटली ते कळलंच नाही. मागावर तुटलेला धागा बोटांनी सांधणारा माणूस तो. भिंत चाचपत चाचपत बाहेर आला.

मग यंत्रावर हनुवटी ठेवून दोघांच्याही डोळ्यांचे फोटो निघाले. मग वाट पाहणं. जागेश्वर एका चपलेवर येरझाऱ्या घालत होता.

अखेर डॉक्टर आल्या. चेहरा खुललेला.

"जागा मिळाली. अगदी मधला टप्पा आहे. आत्ता औषध सुरू केलं, तर उरलेली नजर राखता येईल अशी आशा आहे."

"बापा बापा बापा!" जागेश्वरनं टुणकन उडीच मारली. देव पावला! डबा उघडून त्यानं नर्सला बर्फी दिली, चौकीदाराला दिली, ओळख ना पाळख अशा म्हाताऱ्याच्या तोंडात तर स्वतःच्या हातानं कोंबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची लाज नव्हती.

डॉक्टरांनी खिशातून चाचणीची निळी पट्टी काढली आणि त्याच्या मनगटाला बांधायला घेतली.

"माह्या हाताले काहून, मॅडम? पोरीले बांधा ना! प्रणाली! कुठं गेली वं?"

"तुमची चप्पल आणायला आत गेलीय."

"आत? लाइट तं लावा आधी! पडन ना थे!"

"लाइट चालूच आहे, काका. तुम्ही चाललात तेव्हा होता तेवढाच."

जागेश्वरनं श्वास रोखून कान लावला. आतून पावलं येत होती, झपाझप, सरळ. एकही धप् नाही. पडदा सरला. प्रणालीनं चप्पल त्याच्या पायाशी ठेवली आणि तिथंच खाली बसली.

"तुमच्या डोळ्यांसाठी चला म्हटलं असतं, तं आले असते का, बाबा?"