कॅनडा कुणाचा?

रेडिओवर फ्रान्सचं नाव आलं आणि मास्तरांच्या अंगणात एकच गलका झाला. इंग्लंड दुपारीच लढाईत उतरलं होतं. आता फ्रान्सही. शुक्रवारी पहाटे जर्मन फौजा सीमा ओलांडून पोलंडमध्ये घुसल्या, तेव्हापासून गावाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. या बातमीने सगळ्यांच्या अंगात हत्तीचं बळ आलं. हिपोलित मास्तरांनी रेडिओ खिडकीत आणखी पुढे सरकवला. फ्रेंचांचं राष्ट्रगीत लागलं होतं. शब्द एकालाही येत नव्हते, तरी पुरुष टोप्या काढून ताठ उभे राहिले. लोहार तर चक्क रडत होता.

"पंधरा दिवस!" मास्तर ओरडले. "फार तर पंधरा दिवस! अहो, तो जर्मन एकटा आणि सारं जग आपल्या बाजूने!"

"म्हणजे बटाटे काढायच्या आत पोरं घरी," ब्रोन्का म्हणाली. तिने शेजारच्या रोझालियाचे दोन्ही गालांवर मुके घेतले. "ऐकलंस ना? तुझा थोरला काझिक येतोय बघ सीमेवरून. जा, विझव आता ती मेणबत्ती. वादळ टळलं."

रस्त्यापलीकडे रोझालियाच्या खिडकीत मेणबत्ती जळत होती. फेब्रुवारीत चर्चमधून मंतरून आणलेली, दर घराला एक. वीज कडाडायला लागली की ती खिडकीत लावायची, नाहीतर माणूस शेवटचे श्वास घेत असताना त्याच्या हातात द्यायची. शुक्रवारपासून आभाळ निरभ्र होतं, पण रोझालियाने ती रोज लावली होती.

ती बाकावरून उठली नाही. "मास्तर," ती म्हणाली, "माझा वित्सेक फ्रान्समध्ये खाणीत आहे. त्याला बोलावतील का हो?"

"बोलावतील? अहो मावशी, बोलवायची वाट कशाला बघेल तो! तिथल्या खाणींत आपली हजारो पोरं आहेत. त्यांचीच एक फौज उभी राहील बघा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोझालियाने मान हलवली. तिचे ओठ पुटपुटत होते.

नवऱ्याला मागच्या लढाईने खाल्लं, तेव्हाच तिने ठरवलं होतं की तिन्ही पोरं एका जागी ठेवायची नाहीत. धाड येते ती एका घरावर. म्हणून मधल्याला तिने खाणीत धाडलं आणि धाकट्या आंतेकला समुद्रापार, कॅनडात. बोटीच्या तिकिटासाठी गाय विकली तेव्हा सगळं गाव हसलं होतं.

"आणि कॅनडा?" तिने विचारलं. "कॅनडा कुणाचा?"

"इंग्लंडच्या राजाचा!" मास्तरांची छाती फुगली. वर्गात असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "कॅनडा त्याचा, ऑस्ट्रेलिया त्याचा, हिंदुस्थान त्याचा. त्या राजाचा मुलूख एवढा मोठा आहे मावशी, की तिथून येणारी पोरं मोजता मोजता जर्मनांची बोटं झिजतील!"

लोक पुन्हा हसले. कुणीतरी अ‍ॅकॉर्डियन आणायला धावलं.

"त्या पोरांच्या आयांना ठाऊक तरी आहे का," रोझालियाने विचारलं, "आपलं गाव कुठे आहे ते?"

"घ्या! सुतकी तोंड करून बसायची हौसच आहे हिला," लोहार डोळे पुसत म्हणाला. "आज तरी हसा हो मावशी!"

"मागच्या वेळीही पंधरा दिवसच होते," ती उठता उठता म्हणाली. "तुमच्या वडिलांनीच सांगितले होते, मास्तर. याच खिडकीतून."

मास्तरांनी रेडिओचा आवाज वाढवला.

ब्रोन्का मागोमाग तिच्या घरात शिरली, तोवर रोझालियाने मेणबत्ती विझवून टेबलावर आडवी घातली होती. पाव कापायच्या सुरीने ती मेण कापत होती. सुरी वाकडी जात होती.

"अगं बाई! मंतरलेली मेणबत्ती कुणी कापतं का? पाप लागेल!"

"एकच आहे ना," रोझालिया म्हणाली. "सकाळपर्यंत एकाला पुरत होती."

तिने तीन तुकडे केले, नखाने मेण खरवडून तिन्हींच्या वाती वर काढल्या आणि ते खिडकीत ओळीने उभे केले. मधला काही उभा राहीना. त्याचं बूड तिने दोनदा तापवून चिकटवलं, दोन्ही वेळा तो कलंडला. तेव्हा मात्र तिला रडू कोसळलं.

ब्रोन्का शेजारी आपल्या घरी गेली आणि तिची मेणबत्ती घेऊन आली. जाडजूड, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, एकदाही न पेटवलेली.

"घे," ती म्हणाली. "मला काय करायचीय? माझा मुलगा फेलेक शिकागोत आहे, अमेरिकेत. तिथे ना जर्मन, ना इंग्लंडचा राजा. तिथवर कोण जातंय मरायला?"

बाहेर अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं होतं. पोरीबाळी नाचत होत्या आणि मास्तर टाळ्यांनी ताल धरत होते.

रोझालियाने मेणबत्ती हातात घेतली. तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग ती फडक्यात पुन्हा नीट गुंडाळली आणि ब्रोन्काच्या हातात परत ठेवली.

"राहू दे तुला," ती म्हणाली. "हाताशीच ठेव."